‘वॉज’ आणि ‘वेअर’मधला हरवलेला आघात

जर्मन शिकताना क्रियापदांचे तक्ते पाठ करून अक्षरशः वैताग आला होता. अपवादच अपवाद! पण इंग्रजीतलं ‘वॉज–वेअर’ बघा: एकवचनात ‘स’, अनेकवचनात ‘र’. असं का?

उत्तराचा धागा वैदिक संस्कृतात होता. संस्कृत आणि जर्मन एकाच मूळ भाषेतून आलेल्या. तरी ‘भ्रातृ’ला जर्मनमध्ये ‘ब्रूडर’, तर ‘पितृ’ला ‘फाटर’. एकाच ‘त’ची दोन रूपं. १८७७ मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नरने दाखवलं, की फरक जुन्या आघाताचा आहे: ‘भ्रातृ’त तो पहिल्या अक्षरावर, ‘पितृ’त शेवटच्या.

‘वेअर’च्या पूर्वरूपातही आघात प्रत्ययावर होता, म्हणून ‘स’चा आधी ‘झ’, मग ‘र’ झाला. पुढे आघात सरकला, खूण राहिली. जर्मनने मात्र ‘वार–वारेन’ करून दोन्हीकडे ‘र’च ठेवला.

थोडक्यात, आपण ज्याला अपवाद म्हणून घोकतो, तो बऱ्याचदा विसरलेला नियम असतो.