बिकिनीचा नारळ आणि आपली मोहफुलं

बुद्धपौर्णिमेच्या रात्री नागझिऱ्यात मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची पद्धत आपल्याला माहीत आहे. ११ मे १९९८ ची पोखरण चाचणीही बुद्धपौर्णिमेलाच झाली होती. त्यावरून मोजमापाचीच एक जुनी गोष्ट सांगतो.

प्रशांत महासागरात मार्शल बेटं आहेत. त्यातल्या बिकिनी बेटावरच्या १६७ लोकांना अमेरिकेने मार्च १९४६ मध्ये हलवलं. कारण काय दिलं, तर मानवजातीचं भलं! जुलैत दोन अणुबॉम्ब फुटले. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांची मोठी तुकडी आली. मासे, शेवाळ, प्रवाळ तपासले, बेटाला खोल भोक पाडून खडकही काढला. अभ्यास उत्तमच होता. पण बिकिनीचे लोक तेव्हा राँगेरिक बेटावर अर्धपोटी दिवस काढत होते.

१ मार्च १९५४ ला तिथेच १५ मेगाटनचा हायड्रोजन बॉम्ब फुटला, अंदाजाच्या अडीचपट. राख राँगेलाप बेटावरच्या माणसांवर आणि एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. महिनाभरात, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवायची मागणी केली. पण १९५८ पर्यंत मार्शल बेटांवर एकूण ६७ चाचण्या झाल्याच.

१९६८ मध्ये सर्वेक्षणाच्या आधारे सांगितलं गेलं, बिकिनी आता सुरक्षित आहे. काही कुटुंबं परतली, नवी नारळाची झाडं लागली. आणि घोळ तिथेच झाला. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून झाडं त्याच्या जागी किरणोत्सारी सीझियम ओढून घेतात. ते नारळातून माणसांच्या अंगात गेलं. तपासणीत ते वाढत चाललेलं दिसलं आणि १९७८ मध्ये सगळ्यांना पुन्हा बेट सोडावं लागलं.

म्हणजे यंत्रं होती, शास्त्रज्ञही हुशार होते. पण तिथला माणूस रोज काय खातो, हे नीट धरलं गेलं नाही.

आपल्याकडे बॉम्ब नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. पण २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि मोजमाप वाढलं. वाघ मोजलेच पाहिजेत, त्याला माझा विरोध नाही. पण मोहफुलं कोण वेचतं, तेंदूपत्त्यावर कोणाचं घर चालतं, हे कॅमेरा ट्रॅपला कसं कळणार?

म्हणून गावाजवळ कुठलीही सर्वेक्षणाची टीम आली की दोनच प्रश्न विचारा, मंडळी. आमच्याबद्दल काय मोजणार? आणि अहवाल ग्रामसभेत मराठीत कधी वाचून दाखवणार?