ग्रामसभा आणि कुलूपबंद घरे

बालाघाटाच्या रांगांतील एखाद्या वाडीत 26 जानेवारीच्या सकाळी जावे. शाळेपुढे झेंडावंदन होते, मुले खाऊ घेऊन पांगतात आणि मग ग्रामसभा भरते. सतरंजीवर बहुतेक म्हातारी माणसे बसलेली. गल्लीतून फिरून यावे तर घरामागून घराला कुलूप. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन निघालेली जोडपी या वेळी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. सभा सर्वांना खुली असते. परंतु ज्यांच्यासाठी खुली, ते गावात नसतात.

बीड जिल्ह्यात अशी खुली सभा ही फार जुनी गोष्ट नव्हे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गावाचा कारभार पाटील-कुळकर्णी पाहत, आणि इतरांनी निर्णय ऐकावयाचा असे. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचे सदस्य केले. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले.

नियम साधे आहेत. सभेची नोटीस आधी लावावी, दवंडी द्यावी. वर्षातून किमान चार सभा घ्याव्यात. त्यांच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी. एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर हवीत. परंतु या नियमांतच एक पळवाट राहिली आहे. गणसंख्या नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. वहीत ठराव मंजूर होतात; गाव मात्र त्यात नसते.

केवळ दार उघडे ठेवून भागत नाही, हे शेजारच्या जिल्ह्यातील एका प्रयत्नातून आम्हांस उमगते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. 1990 च्या दशकात त्यातूनच भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम रुजला. त्याची रीत अशी : आधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, सर्वांच्या संमतीने समिती निवडावी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारावी. आराखडाही कचेरीत बसून आखावयाचा नाही. प्रत्येक शेतकऱ्यासोबत त्याच्याच बांधावर उभे राहून आखावयाचा.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत 1996 नंतर हे काम सुरू झाले, तेव्हा चराईबंदीचा सर्वांत मोठा फटका मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांना बसणार होता. त्यांचा विरोध झाला. तो ऐकून घेतल्यावर सारे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. डोंगर हिरवा झाला, त्यात या तडजोडीचा वाटा मोठा आहे. ज्याला झळ लागणार, तो सभेत असला तरच आराखडा टिकतो, हा या इतिहासाचा धडा होय.

आता बीडकडे पुन्हा पाहावे. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून गावाने स्वतःचा वार्षिक आराखडा करावा असे ठरले. 2018 पासून देशभर लोकसहभागाची नियोजन मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होऊ लागली. म्हणजे गावाच्या वर्षाचा हिशेब नेमका त्याच आठवड्यांत मांडला जाऊ लागला, ज्या आठवड्यांत कोयता बैलगाडीवर वा ट्रकमध्ये चढतो. रस्ता कोणत्या वस्तीला जावा, टाकी कोठे बांधावी, मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह हवे की नको, हे सारे त्यांच्या पाठीमागे ठरते.

यावर उपाय कायद्याच्या बाहेर शोधावयास नको. चार सभा ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. ग्रामपंचायत अधिक सभा बोलावू शकते. कोयता निघण्यापूर्वी, भाद्रपदातच एक सभा घेता येते. परतल्यावर 1 मेची सभा येतेच. तो महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही आहे. त्या दिवशी गेल्या हंगामात झालेले ठराव मोठ्याने वाचावेत, खर्च सांगावा, आणि पुढील आराखड्याचा पहिला शब्द ऊसतोड करणाऱ्या बाईने उच्चारावा.

खुल्या सभेसाठी आपल्या वाडवडिलांना फार वाट पाहावी लागली. ती मिळाल्यावर केवळ तारखेच्या सोयीसाठी अर्ध्या गावाला वगळावे, हे न्यायाचे नव्हे. ग्रामसभेची नोटीस काढणाऱ्याने आधी गल्लीतली कुलपे मोजावीत, आणि मगच तारीख लिहावी.