बोट दाखवणारं कुणीतरी

पहाटेचे पाच वाजून पन्नास मिनिटं. ६ जून १९४४. तुम्ही 'टेक्सस' या अमेरिकी युद्धनौकेच्या डेकवर उभे आहात आणि कानात कापसाचे बोळे घालायचं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. पहिली फैर झडते. आवाज ऐकू येण्याआधी पोटात खड्डा पडतो, मग गरम हवेची थप्पड बसते, मग जळक्या दारूचा धूर नाकात शिरतो, दिवाळीच्या पहाटे वाड्याच्या चौकात कोंडतो तसा. चौदा इंची तोफा, त्याही दहा. एकेक गोळा पाचशे किलोहून जड. पॉइंट द्यू ऑक नावाच्या कड्यावर पुढच्या चौतीस मिनिटांत असे २५५ गोळे पडणार आहेत.

आता डावीकडे पाहा. तो मळकट पट्टा म्हणजे नॉर्मंडीचा किनारा, सांकेतिक नाव ओमाहा. सुमारे आठ किलोमीटरची चंद्रकोर, मागे तीस-चाळीस मीटर उंचीची गवताळ टेकाडं आणि टेकाडांमधून वर जाणाऱ्या पाच घळी. वाहनं वर न्यायची तर या घळींतूनच. जर्मनांनाही हे चांगलं ठाऊक आहे.

इथे फौजा उतरवायची योजना कागदावर मोठी देखणी होती. आधी जहाजांचा मारा, त्याच्या जोडीला विमानांची बॉम्बफेक, शेवटच्या काही मिनिटांत अग्निबाणांचा वर्षाव आणि बरोबर साडेसहाला पायदळ वाळूवर. त्यामागून थोड्या वेळानं तोफखाना स्वतःच्या तोफा घेऊन उतरणार. लग्नातल्या पंगतींसारखं: एक उठते, दुसरी बसते, वाढपी ठरलेले. जहाजांच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला होता. पॅसिफिकमधली बेटं जिंकून आलेल्या मेजर जनरल चार्ल्स कॉर्लेटनं आधीच बजावलं होतं की एवढ्याशा दारूगोळ्यानं भागायचं नाही. युरोपातल्या सेनापतींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या गावच्या पाहुण्यानं आपल्या विहिरीबद्दल बोलू नये, असा एक सूर असतोच.

चला, जरा वर जाऊ. सहा वाजून गेलेत आणि तुम्ही एका बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमानात आहात. खाली नुसते ढग. तीनशेहून अधिक विमानं अशीच चालली आहेत, मिळून सुमारे १३ हजार बॉम्ब घेऊन. किनारा दिसत नाही, म्हणून रडारवर अंदाज घ्यायचा. पण खाली, त्याच ढगांखाली, आपल्याच माणसांनी भरलेल्या होड्या किनाऱ्याकडे निघाल्या आहेत. एखादा बॉम्ब अलीकडे पडला तर? म्हणून हुकूम आहे की लक्ष्यावर आल्यासारखं वाटलं तरी थोडं थांबा. काही सेकंद. कुणी पाच, कुणी वीस, कुणी तीस. शेजारचा माणूस ओठ हलवत आकडे मोजतो आहे. लिबरेटर सेकंदाला ऐंशी मीटरच्या आसपास अंतर कापतं. तीस सेकंदांचा हिशेब तुम्हीच करा. बॉम्ब टेकाडांच्या मागे शेतांत पडतात, काही तर पाच किलोमीटर आत. किनाऱ्यावरच्या एकाही खंदकाला धक्का लागत नाही.

मला या विमानवाल्यांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनी नेमून दिलेलं काम केलं. जहाजांनीही केलं. अग्निबाणवाल्या नौकांनीही केलं, फक्त त्यांचे बहुतेक बाण वाळूच्या अलीकडे पाण्यातच फुटले. प्रत्येकानं आपापली पंगत वेळेवर उठवली. पानात काय पडलं, हे पाहणारं तेवढं कुणी नव्हतं.

साडेसहा. आता तुमच्या पायाखाली पाणी आहे, मग वाळू, मग पुन्हा पाणी. तुम्ही खड्डा शोधताय, कारण तुम्हाला सांगितलं होतं की बॉम्बनी किनाऱ्यावर खड्डेच खड्डे पडलेले असतील, त्यांत दडायला मिळेल. वाळू सपाट आहे, जुहूच्या चौपाटीवर सकाळी असते तशी. पाण्यावर तरंगत येण्यासाठी कापडी झालर लावलेल्या रणगाड्यांपैकी पूर्वेकडच्या बाजूला २९ पाण्यात सोडले होते. त्यातले २७ लाटांनी गिळले. तोफखान्याच्या १११व्या बटालियनच्या १०५ मिलिमीटरच्या बारा तोफा 'डक' नावाच्या जलस्थलगामी ट्रकांवर लादून निघाल्या होत्या. ओझं जास्त झालं, समुद्र खवळलेला. वाचली एक.

आणि तुमच्या शेजारी वाळूवर पालथा पडलेला जो पोरगा आहे, ज्याच्या पाठीवर मेणकापडात गुंडाळलेली पेटी आहे, तो खरं तर आजच्या दिवसातला सगळ्यात मोलाचा माणूस. जहाजांना मारा कुठे करायचा हे किनाऱ्यावरून सांगणाऱ्या तुकडीतला तो वायरलेसवाला. अशा तुकडीत एक तोफखान्याचा निरीक्षक असतो, एक नौदलाचा अधिकारी आणि बाकी वायरलेसवाले. तो पेटीचं झाकण उघडतो. आतून समुद्राचं पाणी वाहतं. तो कानाला हेडफोन लावतो, बटणं फिरवतो, हेडफोन काढून झटकतो, पुन्हा लावतो. मग तुमच्याकडे पाहून नुसती मान हलवतो.

इथे थोडं थांबून ही विद्या काय आहे ते पाहू, कारण गोळ्या तुम्हाला लागणार नाहीत.

तोफ डागणाऱ्याला लक्ष्य दिसत नाही. हे एकदा नीट समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तो मैलोन्‌मैल मागे असतो, मध्ये टेकडी असते किंवा समुद्र. म्हणून पुढे एक डोळा ठेवावा लागतो. आपल्याकडे नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना शाळेत पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवतात. त्या डोळ्याला भारतीय तोफखान्यात नुसतं 'ओपी' म्हणतात. ओपी नकाशावरचा आकडा कळवतो, लक्ष्य काय आहे ते सांगतो, पहिला गोळा कुठे पडला ते पाहतो आणि मग 'दोनशे पुढे', 'पन्नास डावीकडे' असं करत गोळा लक्ष्यावर आणतो.

आता यात जहाज आणा. जहाजाची तोफ वेगवान, तिचा गोळा सपाट जातो. गोळ्यांची पांगापांग काकडीसारखी लांबट होते: डावं-उजवं नेमकं, पण पुढे-मागे बराच फरक. आपलं पायदळ जहाज आणि लक्ष्य यांच्या मधोमध असेल, तर अलीकडे पडलेला गोळा आपल्याच पाठीत. टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर तर हा सपाट गोळा पोचतच नाही. तिथे हॉवित्झर लागते, कारण तिचा गोळा उंच चढून वरून खाली कोसळतो. आणि विमान? विमान त्याच आकाशातून येतं ज्यातून हे गोळे जातात. म्हणजे गोळ्यांची वाट एकीकडे, विमानांची दुसरीकडे, नाहीतर वेळा तरी वेगळ्या. वर पुन्हा नकाशावर एक रेघ, जिच्या अलीकडे बॉम्ब टाकायचाच नाही. ही रेघ पायदळाबरोबर दर तासाला सरकते आणि ती सरकल्याचं वैमानिकाला कुणीतरी कळवावं लागतं. तीन वेगळी खाती, तीन वेगळ्या भाषा आणि मध्ये ओला वायरलेस.

जर्मनांनी यावर आणखी एक कुरघोडी करून ठेवली होती. त्यांच्या मोठ्या तोफांची तोंडं समुद्राकडे नव्हतीच. ती किनाऱ्याला समांतर, वाळूच्या लांबीवर रोखलेली होती. समुद्राकडच्या बाजूला जाड काँक्रीटची आंधळी भिंत. जहाजावरून कितीही मोठी दुर्बीण लावा, ना नळी दिसणार, ना डागतानाचा जाळ. वाळूवरच्या माणसाला मात्र गोळा नेमका कुठून येतो ते कळतं. पण त्याला ते जहाजाला सांगता येत नाही.

नऊच्या सुमारास जनरल ओमर ब्रॅडली 'ऑगस्टा' या जहाजावरून धुराकडे पाहत विचार करतो आहे की मागच्या लाटा दुसऱ्या किनाऱ्यावर वळवाव्यात का. वाहनं उतरवणं साडेआठलाच थांबवलंय. वाळूवर जागाच नाही.

विनाशिका मात्र अस्वस्थ आहेत. लहान जहाजं, प्रत्येकीवर पाच इंची चार-पाच तोफा. माणसं उतरल्यावर किनाऱ्यावरून मागणी आल्याशिवाय मारा करायचा नाही, असा दंडक होता आणि मागणी करणारे सगळे ओल्या पेट्या घेऊन पालथे पडलेले. 'कार्मिक' विनाशिकेवरून दिसलं की व्हिएरव्हिलच्या घळीजवळ अडकलेले आपले रणगाडे टेकाडावर एका ठरावीक जागी गोळे टाकताहेत. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण रणगाडेवाला उगाच तर गोळे वाया घालवणार नाही. 'कार्मिक'नं तिथेच तोफा लावल्या. रणगाड्यांनी जागा बदलली की जहाजही बदलायचं. त्या दिवसात तिनं हजाराहून जास्त गोळे टाकले.

दहाच्या आसपास चला 'फ्रँकफर्ड'वर. कप्तान जेम्स सेम्स जहाज आत घेतोय. किनाऱ्यापासून हजार मीटरच्याही आत. तळ चार मीटर पाण्यात बुडालेला आणि भरती अजून पुरती आलेली नाही. खालून कुणीतरी खोली मोजून आकडे ओरडतंय. प्रत्येक आकडा आधीपेक्षा लहान.

तुम्ही वर, तोफांची दिशा ठरवणाऱ्या लोखंडी खोक्यात बसला आहात. बाहेर दोन्ही बाजूंना कान काढल्यासारखा साडेचार मीटर रुंदीचा रेंजफाइंडर. डोळे रबराच्या कड्याला चिकटवा. एकदम टेकाड तुमच्या नाकाशी येतं: गवताची पाती, काटेरी तारेवर लटकलेली कापडाची चिंधी, मातीचा ओरखडा. सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही. बंकर मातीच्याच रंगाचे. तुम्ही डावीकडून उजवीकडे सरकता, पुन्हा उजवीकडून डावीकडे. निवडायला बसलेल्या माणसाला तांदळातला पांढरा खडा सापडू नये तसं.

खाली पाण्याच्या कडेला आपला एक रणगाडा आहे. निकामी झालेला, जागचा हलत नाही. त्याची नळी मात्र हलते. थोडी वर, थोडी उजवीकडे. ठो. टेकाडावर एका झुडपाच्या बुडाशी मातीचं कारंजं उडतं. तुम्ही तिथे नजर नेता आणि झुडूप झुडूप राहत नाही. त्याखाली एक आडवी काळी फट आहे.

अंतर सांगितलं जातं, तोफा फिरतात, पाच इंची गोळे त्या फटीवर जाऊन बसतात.

रणगाड्याचं झाकण उघडतं. एक माणूस कमरेपर्यंत बाहेर येतो, मागे वळून समुद्राकडे पाहतो आणि हात हलवतो. एस.टी. वळणावर दिसेनाशी होण्याआधी खिडकीतून माणूस हलवतो, तितकाच साधा हात. मग आत शिरतो, झाकण लागतं, नळी पुन्हा सरकते. ठो. दुसरी जागा. तुम्ही पुन्हा त्याच्या मागोमाग.

पुढची काही मिनिटं हेच चालतं. ना आकडे, ना सांकेतिक शब्द, ना वायरलेस. तो बोट दाखवतो, तुम्ही मारता. जहाजाचा तोफखाना अधिकारी ओवेन कीलर यानं पुढे हा प्रसंग लिहून ठेवला, म्हणून आपल्याला तो कळला. महिनोन्‌महिने खपून बसवलेली यंत्रणा कोलमडली, तेव्हा तिची जागा एका मोडक्या रणगाड्यानं आणि एका रिकाम्या हातानं घेतली.

त्या सकाळी असे जुगाड आणखीही झाले. पॉइंट द्यू ऑकच्या कड्यावर चढलेल्या 'रेंजर्स' या अमेरिकी तुकडीचे वायरलेस चालेनात, तेव्हा जेम्स आयकनर या अधिकाऱ्यानं जुन्या पद्धतीचा एक संकेत-दिवा काढला. तो सोबत घेतला म्हणून कुणी हसलंही असेल. त्या उघडझाप करणाऱ्या दिव्यावर 'सॅटरली' विनाशिकेनं मारा केला. आकाशात अमेरिकी नौदलाचे काही वैमानिक ब्रिटिशांची स्पिटफायर विमानं उडवत होते. एरवी हे लोक जहाजावरच्या संथ तरंगत्या विमानांतून गोळे कुठे पडतात ते पाहत, पण ती विमानं इथे क्षणात पाडली गेली असती. म्हणून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ली-ऑन-सोलंटवरून ते जोडीनं उडायचे. एक खाली पाहायचा, दुसरा त्याच्या पाठीकडे.

दुपारी 'टेक्सस'ही किनाऱ्याजवळ सरकली आणि व्हिएरव्हिलच्या घळीच्या तोंडावर चौदा इंची गोळे टाकू लागली. पहाटे ज्या तोफा तुम्ही आंधळेपणानं डागताना पाहिल्या, त्याच तोफा. पायदळ एव्हाना घळी सोडून मधल्या उतारांवरून टेकाडावर चढलं होतं.

आणि आता शेवटचं ठिकाण. दुपार कलते आहे, तुम्ही टेकाडापलीकडे कॉलव्हिल गावाच्या कडेला आहात, १६व्या रेजिमेंटच्या जी कंपनीबरोबर. किनाऱ्यावरून इथवर पोचलेल्या थोड्या माणसांपैकी ही. गावात अजून जर्मन आहेत. समुद्रावरच्या जहाजांना एवढंच माहीत आहे की कॉलव्हिलमध्ये जर्मन आहेत. तुम्हीही इथे आहात, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

पहिला गोळा चर्चच्या दिशेनं जातो. दुसरा रस्त्यावर. तिसऱ्यानंतर भिंतीतले दगड उडू लागतात आणि कुणीतरी मोठ्यानं ओरडतं, आपलेच आहेत, आपलेच. तुमच्या पुढचा शिपाई नारिंगी धुराचा गोळा पेटवून उघड्यावर टाकतो. नारिंगी म्हणजे 'इथे आपली माणसं आहेत'. ते शिकवलं होतं, सगळ्यांना, इंग्लंडमध्ये. धूर गच्च नारिंगी निघतो, कमरेएवढा चढतो, मग पडक्या घरांच्या धुळीत शिरतो आणि तिच्याच रंगाचा होतो.

आणखी एक गोळा येतो. शिपाई खिशात हात घालून दुसरा शोधू लागतो.