शिरापूरचा छापाकाटा

शेतकरी धाडस करीत नाही, ही तक्रार आपल्याकडे फार जुनी आहे. इंग्रजी अमदानीतील साहेबांनी ती केली, स्वातंत्र्यानंतर विकास गटांच्या बैठकांतूनही ती ऐकू येत राहिली. बियाणे नवे आले, खत आले, पण हा आपला 'वाडवडील करीत आले तेच बरे' म्हणत बसलेला, असा तिचा सूर. ती खरी की खोटी हे रोख पैसे पुढे ठेवून पाहण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेतले नव्हते. ज्यांनी घेतले ते गृहस्थ स्वित्झर्लंडचे होते, आणि त्यांनी ही परीक्षा घेतली ती सोलापूर, अकोला आणि महबूबनगर या जिल्ह्यांतल्या सहा खेड्यांत.

हान्स बिन्स्वांगर यांचा जन्म १९४३ चा. झुरिकला शेतकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठातून १९७३ साली अर्थशास्त्राचे डॉक्टर झाले. तिथल्या एखाद्या विद्यापीठात बसून आकडेमोड करीत जन्म काढता आला असता. ते १९७५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूला आले. तिथे १९७२ मध्ये कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके; म्हणजे आपल्या घरातल्या डब्यांतलेच धान्य.

त्याच वर्षी संस्थेने सहा गावे निवडली: महबूबनगरातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात चाळीस घरे. त्यांत दहा भूमिहीनांची आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची दहा-दहा. खेड्यातच वाढलेला, तिथली भाषा बोलणारा एक कृषी पदवीधर गावात बिऱ्हाड करून राही आणि तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन काय पेरले, किती मजुरी दिली, कोणाकडून उसने घेतले, हे सारे लिहून काढी. एका गावाची वर्षानुवर्षे इतक्या चिकाटीने नोंद ठेवल्याची उदाहरणे जगात थोडीच सापडतील.

जोखमीबद्दल माणसाला काय वाटते हे मोजायचे कसे? पहिला सरळ मार्ग म्हणजे विचारणे. 'अमुक शेतात दरवर्षी इतके नक्की मिळते, तमुक शेतात कधी दुप्पट तर कधी काहीच नाही, कोणते घ्याल?' बिन्स्वांगर यांनी हेही करून पाहिले. पण विचारणारा बदलला की उत्तराचा कल बदले. साहजिकच आहे. पाहुण्याला बरे वाटेल ते उत्तर देण्याची आपली खेड्यांतली रीत त्यांना ठाऊक नसेल, पण आकड्यांनी ती दाखवून दिली.

मग दुसरा मार्ग निघाला, खऱ्या पैशांचा. आठ पर्याय मांडायचे, त्यांतला एक निवडायचा आणि मग नाणे उडवायचे. पहिला पर्याय अगदी निर्धास्त: छापा पडो की काटा, पन्नास रुपये तुमचे. दुसऱ्यात एका बाजूला ४५ आणि दुसऱ्या बाजूला ९५. पुढे ४० आणि १२०, मग ३० आणि १५०, असे करत करत शेवटचा पर्याय म्हणजे एकीकडे शून्य आणि दुसरीकडे २००. खेळ एका बैठकीत उरकला नाही. आधी पन्नास पैशांच्या पायरीवर, मग पाच रुपयांच्या, मग पन्नासच्या, असा तो काही आठवड्यांत चढत गेला. पाचशेच्या पायरीचा प्रश्न तेवढा केवळ तोंडी होता. साध्या मजुराला महिनाभर राबून जे मिळे त्याहून मोठी रक्कम वरच्या पायरीवर एका नाण्यावर ठरत होती. तेव्हा हा पोरखेळ नव्हता.

१९८० मध्ये निष्कर्ष छापले गेले. पन्नास पैशांच्या डावात बरेच जण बेधडक होते. गेले तर आठ आणे गेले! रक्कम वाढली तसे ते भेद ओसरले आणि जवळजवळ सारे मधल्या पर्यायांकडे सरकले. जुगारी कोणी नाही आणि अगदी भित्राही क्वचितच. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोठा बागायतदार आणि भूमिहीन मजूर यांच्या निवडीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. संपत्तीने माणूस किंचित धीट होतो असे दिसले, पण तो फरक इतका थोडा की संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेना.

माझ्या मते या एका निष्कर्षासाठी बिन्स्वांगर यांचे नाव आपल्याकडे माहीत असायला हवे. गरिबाचे मन वेगळे नाही, हे त्यांनी दाखवले. मग त्याची शेती वेगळी का? कारण डाव फसला तर सावरायला त्याच्याजवळ काही नसते. श्रीमंत शेतकऱ्याला बँक आहे, मागचे साठवण आहे. गरिबाजवळ बैलजोडी आहे, आणि ती विकली की पुढची पेरणी गेली. मार्क रोझेनझ्वाइग यांच्याबरोबर १९९३ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी याच गावांच्या नोंदींवरून हिशेब मांडला. पावसाची अनिश्चितता एका ठरावीक मापाने कमी झाली तर सर्वांत गरीब चौथ्या हिश्शातल्या शेतकऱ्यांचा नफा ३५ टक्क्यांपर्यंत वाढेल; श्रीमंतांना जवळजवळ काहीच फरक पडणार नाही. जपून वागण्याची ही किंमत गरीबच भरतो.

मराठीत आपण माणूसही जोखतो आणि धान्यही जोखतो. कानडीत 'जोके' म्हणजे जपून. या शब्दांचे काही नाते आहे का ते व्युत्पत्तिकारांनी पाहावे. पण दोन्ही भाषा रोज कानांवर पडणाऱ्यांना जोखीम म्हणजे नुसते धाडस नव्हे हे वेगळे सांगायला नको.

शिरापूरची काळी जमीन खोल आहे. तिथला शेतकरी खरिपात रान पडीक ठेवतो आणि मातीत ओल मुरल्यावर रब्बीची ज्वारी पेरतो. बाहेरून आलेल्याला हा आळस वाटतो. पण सुरुवातीचा पाऊस सोलापूरकडे इतका बेभरवशाचा की त्यावर पेरणी करणे म्हणजे बियाणे मातीत घालवणे. उलट अकोल्याकडे पाऊस बरा, तर तिथल्या शेतकऱ्यांनी संकरित ज्वारी झपाट्याने उचलली. शेतकरी तोच, हिशेबही तोच, आभाळ वेगळे.

या नोंदी पुढे दूरवर वाचल्या गेल्या. रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये त्यांतून एक गोष्ट काढली: ज्या घरांची शेती अधिक बेभरवशाची, ती आपल्या मुली अधिक लांब देतात. सोयरे दूरच्या गावी असले की तिथला पाऊस वेगळा, आणि अडचणीच्या वर्षी हात मागायला जागा राहते. सीमेच्या दोन्ही अंगांना नाती असलेल्या आपल्या कुटुंबांना यात नवल वाटणार नाही. (मुलीला काय वाटते, हा रकाना नोंदवहीत नव्हता.) रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर आणि कानझरा यांचा अभ्यास करून दाखवले की एका घरचे पीक बुडाले तरी त्याचे खाणेपिणे तेवढे घसरत नाही, गावच सावरून घेते. सारे गावच बुडाले तर मात्र इलाज नसतो. तिथे सरकार लागते. १९७२ च्या दुष्काळात पसरलेली आणि पुढे कायद्याने पक्की झालेली आपली रोजगार हमी योजना अशा वेळी किती कामाची, हे शिरापूर आणि कानझरा येथील मजुरांच्या उत्पन्नाची औरेपल्लीशी तुलना केल्यावर दिसून आले. आंध्रात तेव्हा तशी योजना नव्हती.

बिन्स्वांगर १९८० मध्ये जागतिक बँकेत गेले आणि २००५ पर्यंत तिथे राहिले. भाडेपट्टे, जमीनसुधारणा, गावांच्या हाती पैसा देणे हे त्यांचे पुढचे विषय. त्यांना स्वतःला एचआयव्हीची लागण झाली होती. ती न लपवता त्यांनी आफ्रिकेतील एड्सविरोधी कामात बँकेला ओढले. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाले आणि २०१७ मध्ये वारले.

सहा गावांतली पाहणी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास थांबली होती. २००१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या नोंदींतल्या अनेक घरांत मुलगे कर्ते झाले होते.