ऐतिहासिक मालिकांतील समाज आणि पेडणे-डिचोलीचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. इतिहासाचा तास सुरू झाला की ते पुस्तक मिटून मेजावर ठेवीत आणि विचारीत, "हे सगळे चालले होते तेव्हा तुमच्या वाड्यावर काय चालले असेल?" आम्ही गप्प बसत असू. त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हते आणि पुस्तकाबाहेर पाहावयाची आम्हांला सवय नव्हती. पुढे मी स्वतः खडू हाती घेतला, अनेक वर्षे इतिहास शिकविला. परंतु तोच प्रश्न एका विद्यार्थ्याने मला उलट विचारला, तेव्हा कोठे त्याचे वजन कळले.

२०१७ ते २०२० या काळात झी मराठी वाहिनीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका चालू होती. डॉ. अमोल कोल्हे यांनी शंभूराजांची भूमिका केली होती. त्याआधी, २००८ पासून, स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' मालिकेत त्यांनी शिवरायही साकारले होते. आमच्या भागात रात्रीचे जेवण या मालिकांच्या वेळेभोवती फिरत असे, हे आपणांस सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पटांगणावर लढाई जुंपे. सगळ्यांनाच मावळे व्हावयाचे असे. फिरंगी होण्यास कोणी तयार नसे, म्हणून ती भूमिका आपोआप वर्गातल्या दोन-तीन ख्रिस्ती मुलांकडे जाई. त्यांतला एक मुलगा एके दिवशी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, ह्यांत आमी खंय?"

आजचे माझे निवेदन म्हणजे त्या मुलाला त्या दिवशी मी न दिलेले उत्तर आहे.

ऐतिहासिक मालिकेत समाज कसा दिसतो? राजा, राणी, कारभारी, फितूर आणि शत्रू यांना चेहरा असतो, नाव असते, स्वतंत्र वाणी असते. बाकीचे सारे 'रयत' असतात. रयत दारात उभी राहते, हात जोडते, अश्रू ढाळते आणि जयजयकार करते. मावळा रांगडा, प्रामाणिक आणि थोडा विनोदी. त्याची बोली देशावरची. दरबारात प्रमाण मराठी. फिरंगी मोडकेतोडके बोलतो आणि मिशीला पीळ देऊन कुटिल हसतो. ही वाटणी इतकी पक्की झाली आहे की पात्राने तोंड उघडताच ते कोणत्या बाजूचे, हे लहान मूलही सांगू शकते. मालिकाकारांना मी दोष देतो असे नाही. रोज एक भाग उभा करावयाचा, तोही मोजक्या पैशांत, म्हणजे ओळखीचे साचे हाताशी लागतातच. येसूबाईंचे नाव आज घरोघर ठाऊक झाले, याचे काही श्रेय या मालिकांना दिलेच पाहिजे. परंतु साच्यात जो मावत नाही, तो माणूस इतिहासातूनच गळून पडतो.

पूर्वीची दूरदर्शनची परंपरा थोडी निराळी होती. गजानन जागीरदारांनी 'स्वामी' दाखविली, ती मुख्यतः शनिवारवाड्याच्या भिंतींआडची कथा होती व आपली मर्यादा ती जाणून होती. श्याम बेनेगल यांच्या १९८८-८९ च्या 'भारत एक खोज'च्या ५३ भागांत शिवाजी महाराज होते, औरंगजेब होता आणि महात्मा फुलेही होते. इतिहास सांगताना इतिहासाला जाब विचारणाऱ्यालाही त्याच पडद्यावर जागा देणे, हे मला त्या मालिकेचे मोठेपण वाटते.

आता आपल्या परिसराकडे वळू. डिचोली आणि पेडणे हे तालुके पोर्तुगीजांच्या 'नव्या काबिजादी'तले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या ताब्यात गेले. त्यापूर्वी हा मुलूख आदिलशाही, मराठे, सावंतवाडीचे भोसले, मोगल आणि पोर्तुगीज यांच्यामधली सीमा होता. सीमेवरची माणसे दोन रंगांत रंगविता येत नाहीत.

देसायांचेच उदाहरण घ्या. मालिकेतला वतनदार स्वराज्याला मिळाला तर निष्ठावंत, न मिळाला तर फितूर. १६६७ च्या नोव्हेंबरमध्ये शिवाजी महाराजांचे सैन्य बार्देशात उतरले, त्यामागे कुडाळचे लखम सावंत आणि त्यांच्यासारखे इतर देसाई होते. पोर्तुगीज हद्दीत आश्रय घेऊन ते महाराजांच्या मुलखावर स्वाऱ्या करीत होते. त्यांना फितूर म्हणावयाचे का? त्यांच्या लेखी वतन हाच देश होता आणि ते वतन नव्या राजाच्या कारभारात राहील की जाईल, ही त्यांची चिंता होती. या मोहिमेत बार्देशातली गावे लुटली गेली, माणसे व गुरे धरून नेली गेली आणि डिसेंबरातल्या तहात बायकामुले व गुरे परत करण्याचे ठरले. तहाच्या कलमांत गुरांचा उल्लेख येतो, तेथे मी प्रत्येक वेळी थांबतो. कोणाच्या तरी गोठ्यातली ती जनावरे होती. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा हा सारा तपशील मराठी वाचकांपुढे आणणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर आपल्या शेजारच्या सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे, हे नव्या पिढीस ठाऊक असावे म्हणून सांगतो.

संभाजी महाराजांच्या काळाचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये त्यांच्या आश्रयाला आला आणि पुढे त्याचा मुक्काम डिचोलीत होता. डिचोलीचा नमाजगा त्याच्या काळातला, असे परंपरा सांगते. म्हणजे हिंदू छत्रपतीच्या मुलखात मुसलमान शहजादा राहतो आणि पोर्तुगीजांशी बोलणी करताना मध्यस्थीही करतो. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याहून माघारी फिरला, मराठ्यांनी जुवे बेट घेतले, पुढे साष्टी व बार्देशावर स्वारी झाली आणि १६८४ च्या जानेवारीत शाहआलमची मोगल फौज डिचोलीत उतरली. त्या दोन महिन्यांत डिचोलीच्या बाजारातल्या माणसाने किती झेंडे पाहिले असतील! त्याला कोणत्या फौजेची भीती अधिक वाटली, हे कोणत्याही मालिकेने विचारलेले नाही.

आणि फिरंगी? फोंड्यावर चालून गेलेल्या पोर्तुगीज सैन्यात पोर्तुगालचे शिपाई होते, तसेच साष्टी-बार्देशातले स्थानिक लोकही होते. ज्या घरांवर मराठ्यांची स्वारी आली, ती घरे लिस्बनच्या सरदारांची नव्हती. त्यांत गावकार होते, गावडे होते, खारवी होते. चार-पाच पिढ्यांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांचा धर्म बदलला होता आणि ज्यांच्या डोक्यावर १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते, तेच हे लोक. पडद्यावर मात्र 'ख्रिस्ती' आणि 'पोर्तुगीज' हे दोन शब्द एकच होऊन जातात. माझ्या त्या विद्यार्थ्याला उत्तर द्यावयाचे होते ते हेच: बाळा, तुझा पूर्वज त्या राजवाड्यात नव्हता. तो बहुधा शेतात होता आणि दोन्ही बाजूंच्या घोड्यांखाली त्याचेच पीक तुडविले गेले. याच प्रदेशात आजही शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण सख्ख्या बहिणी मानल्या जातात आणि एकमेकींकडे भेटी धाडतात. शिरगावच्या अग्निदिव्यातून जाणारे धोंड निरनिराळ्या जातींचे असतात. हे नाते मालिकेच्या चौकटीत बसविणे कठीण, कारण त्यात शत्रू सापडत नाही!

हाच साचा स्त्रियांच्या बाबतीत आणखी निर्दय होतो. राजघराण्यातली स्त्री त्यागमूर्ती असते किंवा कारस्थानी. आणि नाचणारी स्त्री शत्रूच्या छावणीत दिसते, तिला नावही नसते. आमच्या गोव्यात देवळांशी बांधलेल्या कलावंत स्त्रियांचा एक समाजच होता. सेवेच्या जमिनी, यजमानांची मर्जी, अपमान आणि असामान्य गाणे, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. त्याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला 'मी कोण' असे नाव दिले. त्याच समाजातले, पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. देऊळ, जमीन आणि सत्ता यांची एवढी मोठी उलथापालथ एका पिढीत घडली, तिच्यावर मालिका काढावी असे कोणास सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

शेजारच्या महाराष्ट्रात हा प्रश्न किती तापू शकतो, हे आपण पाहिले आहे. ही मालिका चालू असतानाच, डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, वढू बुद्रुक येथे वाद उफाळला. शंभूराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ महार यांनी की अन्य कोणी, हाच त्या वादाचा गाभा होता. २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटातील चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला व दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. एका बाजूस 'आमचा पूर्वज असा नव्हता' ही तक्रार, तर दुसऱ्या बाजूस 'आमचा पूर्वज तेथे होता' हा दावा. पहिलीची दखल लवकर घेतली जाते. दुसरा दावा करणाऱ्यास कागद दाखवावयास सांगतात. आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच शिकू दिले नाही, त्याने कागद कोठून आणावा?

आमच्या पेडण्याकडे इतिहास-पुराण पाहण्याची एक जुनी रीत होती. दशावतारी काल्याच्या रात्री जो राजा होऊन गरजे, तो सकाळी खांद्यावर नांगर घेऊन समोरून येई. राजा हा आपल्यातलाच एक, वेष उतरविला की माणूस, हे प्रेक्षकाला वेगळे शिकवावे लागत नसे. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. मंडपाच्या बाहेर, अंधारात उभे राहून काला पाहणारी माणसेही होती आणि ती बाहेर का उभी आहेत, हे आम्ही आत बसलेल्यांनी विचारले नव्हते. तरीही तेथे नट आणि प्रेक्षक एकमेकांना नावाने ओळखत असत. दूरचित्रवाणीचा राजा मात्र कधी वेष उतरवीत नाही.

शेवटी नार्वेची गोष्ट सांगतो. दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी १५४० मध्ये पाडले. पुढे ते लिंग नदीपलीकडे, डिचोली महालातल्या नार्वे येथे आले. १६६८ च्या नोव्हेंबरमध्ये, बार्देशच्या स्वारीला जेमतेम वर्ष होत असताना, शिवाजी महाराजांनी तेथे देऊळ उभारविले; त्याचा शिलालेख दारावर आहे. गोवा सरकारने त्या वास्तूचा जीर्णोद्धार करून २०२३ मध्ये ती पुन्हा खुली केली. मालिकेत हा प्रसंग आला तर राजा येईल, पुरोहित येतील, घंटा वाजतील. लिंग नदीपार नेणाऱ्यांच्या आठवणीत एखाद्या सरदेसायाचे नाव परंपरेने जपले असेल. होडी वल्हविणाऱ्याचे जपलेले नाही. पोर्तुगीजांच्या पहाऱ्यातून, तो दगड घेऊन, ओहोटीचा अंदाज बांधून त्याने नदी ओलांडली असणार. पकडला गेला असता, तर सर्वांत आधी त्याचा जीव गेला असता. तो कोणत्या जातीचा होता, त्याला मोबदला मिळाला की नाही, त्याच्या मुलांचा धर्म पुढे कोणता झाला, हे सांगणारा शिलालेख नाही.

दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये आज फेरीबोट चालते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्यातून जात होतो. पलीकडे धक्का दिसू लागला तेव्हा खलाशाने दोर हातात घेतला, पाण्याकडे एकदा पाहिले आणि मला कठड्यापासून मागे सरकावयास सांगितले. मी सरकलो.