कॅमेऱ्याची पडशी

माणसाचा धंदा त्याच्या बोचक्यावरून ओळखावा, असे जुनी माणसे म्हणत. न्हाव्याची धोकटी, वैदूची झोळी, कुळकर्ण्याचे दप्तर, पोस्टमनची खाकी पिशवी, आजीबाईचा बटवा, वाटसरूची पडशी, या प्रत्येकीला आपल्या भाषेने स्वतंत्र नाव दिले आहे आणि नावाबरोबर एक स्वभावही दिला आहे. फोटो काढणाऱ्याच्या पिशवीला मात्र मराठीत असे नाव नाही. ‘कॅमेऱ्याची बॅग’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

अलीकडे काही तरुण मंडळी पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्यांकडे वळली आहेत. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटातून जुना कॅमेरा निघतो, त्यात रोल भरला जातो, आणि मग प्रश्न येतो, “सर, याच्यासाठी पिशवी कोणती घेऊ?” माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघातिघांनी तो मला विचारला. प्रश्न दुकानात सुटण्यासारखा आहे, असे वरवर दिसते. पण मी इतिहास शिकवणारा मास्तर. साध्या प्रश्नाला लांबून वळसा घालून उत्तर देण्याची खोड मला आहे. शिवाय या पिशवीचा इतिहास पाहू गेले तर तो केवळ कापडाचा आणि कातड्याचा इतिहास नाही. ओझे किती होते, आणि ते कोणाच्या खांद्यावर होते, याचा तो इतिहास आहे.

आरंभी पिशवी नव्हतीच. होते ते बिऱ्हाड. 1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. आम्लात मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला कोलोडियन नावाचा चिकट द्रव काचेवर ओतायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र टिपायचे, आणि वाळण्यापूर्वी परत अंधारात नेऊन धुवायची. हे सारे दहापंधरा मिनिटांत उरकावे लागे. काच वाळली की चित्र गेले. म्हणून फोटोग्राफर जेथे जाईल तेथे अंधारखोली त्याच्याबरोबर गेलीच पाहिजे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते या लोकांइतके क्वचितच कोणाला लागू पडले असेल. तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, तसराळी, पाण्याची भांडी आणि पेटाऱ्याएवढा कॅमेरा! आर्चरने या शोधाचे पेटंट घेतले नाही, आणि 1857 साली तो गरिबीतच वारला.

हे बिऱ्हाड घेऊन रणांगणावर गेलेला गाजलेला माणूस म्हणजे रॉजर फेंटन. 1855 साली तो क्रिमियाच्या युद्धावर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर पाच कॅमेरे, 700 काचा आणि एकंदर छत्तीस पेटारे होते. हे सामान वाहण्यासाठी आणि आत काचा धुण्यासाठी त्याने एका दारूविक्याची घोडागाडी विकत घेऊन तिची अंधारखोली केली. ही गाडी म्हणजे त्या काळची कॅमेऱ्याची पिशवीच समजा! ती लांबून इतकी उठून दिसे की रशियन तोफांचे लक्ष तिच्याकडे जाई. उन्हाळा वाढला तसे आत उभे राहणे अशक्य होऊ लागले.

एवढ्या खटाटोपाने फेंटनने साडेतीनशेच्या वर चित्रे आणली. ती पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत बंदर आहे, छावण्या आहेत, ऐटीत बसलेले अधिकारी आहेत, तोफगोळे विखुरलेली ओसाड वाट आहे. पण लढाई नाही. काच काही सेकंद प्रकाशाला उघडी ठेवावी लागे, आणि घोडागाडी घेऊन कोणी चकमकीत शिरत नाही. फेंटनच्या पदरी राजाश्रय होता आणि युद्धाचे विद्रूप रूप दाखवण्याची त्याला मुभा नव्हती, असे म्हणतात. ते काही अंशी खरेही असेल. पण मुभा असती तरी त्या छत्तीस पेटाऱ्यांनी त्याला किती पुढे जाऊ दिले असते? माणसाने काय पाहावे हे ठरण्याआधी तो काय वाहून नेऊ शकतो हे ठरलेले असते.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. 1855 साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींची चित्रे घेण्याच्या कामावर नेमले. बिग्जने काचेऐवजी कागदाच्या निगेटिव्ह वापरल्या. कागदाच्या तंतूंमुळे चित्रात काचेचा बारकावा येत नाही. पण कागद हलका, न फुटणारा. गोल घुमटाचे चित्र घ्यायचे तर काच चांगली, आणि गोल घुमटापर्यंत पोचायचे तर कागद चांगला. वजन आणि बारकावा यांचा हा सौदा तेव्हापासून आजतागायत फोटोग्राफरच्या मानगुटीवर बसलेला आहे.

ज्याने या सौद्यात काचच निवडली तो सॅम्युएल बोर्न. 1863 साली तो हिंदुस्थानात आला, सिमल्यास राहिला, आणि 1863 ते 1866 या काळात त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. पहिल्या मोहिमेत तीसेक हमाल होते; तिसऱ्या मोहिमेत त्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. त्याच्या मोठ्या काचा 12 बाय 10 इंचांच्या. 1866 साली मणिरंग खिंडीत, 18,600 फुटांवर, त्याने चित्रे घेतली. तेवढ्या उंचीवर तोवर कोणी कॅमेरा नेला नव्हता, आणि पुढेही वीस वर्षे हा विक्रम टिकला. त्याची ती चित्रे आजही पाहत राहावे अशी आहेत. बर्फ, देवदार, दगड, पाणी, सारे काही शांत आणि धुतल्यासारखे स्वच्छ.

पण बोर्नने आपल्या प्रवासाची हकीगत इंग्लंडमधील एका फोटोग्राफीच्या नियतकालिकात लिहून ठेवली आहे, ती त्या चित्रांइतकी शांत नाही. हमाल वाटेत ओझी टाकून निघून गेले, तेव्हा हातात काठी घेऊन आपण त्यांना शोधून काढले आणि काठीची चव दाखवली, असे तो स्वतःच सांगतो; त्यात त्याला लपवण्यासारखे काही वाटत नाही. त्या डोंगरी संस्थानांत तेव्हा बेगारीची चाल होती. साहेबाचे सामान पुढच्या मुक्कामापर्यंत गावकऱ्यांनी वाहून न्यायचे, मग शेतात पीक उभे असो की घरात दुखणेकरी असो. ओझे टाकून पळणाऱ्या त्या माणसांना आपण आळशी म्हणायचे की शहाणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी ती आपल्या घराकडे निघालेली माणसे वाटतात.

बोर्नच्या निगेटिव्हवर त्याचे नाव आणि क्रमांक आहे. ज्याच्या पाठीवरून ती काच खिंडीपर्यंत गेली, त्याचे नाव त्यावर नाही. इतिहास शिकवताना मुले कधी कधी विचारतात की किल्ले बांधणारे गवंडी कोण होते. त्या प्रश्नापुढे मी जसा निरुत्तर होतो, तसाच या चित्रांपुढेही होतो. ज्याला ओझे वाहावे लागत नाही, त्याला ते कमी करण्याची निकडही भासत नाही. तीस हमाल मिळत असतील तर पेटारे कमी का करावेत?

ओझे कमी झाले ते ज्यांच्या स्वतःच्या पाठीवर ते आले त्यांच्यामुळे. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचवली, आणि पुढच्या दहा वर्षांत तयार काचा बाजारात आल्या, अंधारतंबू सुटला. त्याच सुमारास अमेरिकेत रॉचेस्टर गावी जॉर्ज ईस्टमन नावाचा बँकेतील कारकून सहलीला जाण्याच्या विचारात होता. बरोबर कॅमेरा न्यावा म्हणून त्याने ओल्या काचेचे सगळे साहित्य विकत घेतले, आणि ते तट्टावर लादण्याइतके निघाले. सहल राहून गेली, पण ओझ्याचा विचार डोक्यातून जाईना. 1888 साली त्याने कोडॅक कॅमेरा काढला. पंचवीस डॉलर किंमत, आत शंभर चित्रांची गुंडाळी, आणि बरोबर खांद्याला अडकवायची चामड्याची पेटी. चित्रे संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात धाडायचा. खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी घरोघर गेली ती येथून.

दुसरे नाव ऑस्कर बारनाकचे. जर्मनीतील लाइट्झ कारखान्यात तो यंत्रज्ञ होता. डोंगरात भटकण्याचा त्याला नाद, आणि छातीला दमा. काचांचा जड कॅमेरा चढावर नेणे त्याला झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा घडवला. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने तो लोकांपुढे आला. बारनाकच्या दिमतीला बोर्नसारखे ऐंशी हमाल असते तर लायका जन्माला आला असता का, याची मला शंका आहे. दमेकऱ्याच्या धापेने फोटोग्राफीचे जेवढे भले केले, तेवढे पुष्कळ निरोगी छात्यांनी केले नसेल.

मास्तराच्या सवयीने मी एक हिशेब मांडून पाहिला. बोर्नची 12 बाय 10 इंचांची एक काच तीन मिलिमीटर जाडीची धरली तर तिचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या वर भरते. आजचा छत्तीस चित्रांचा एक रोल तीसेक ग्रॅमचा. म्हणजे एका काचेच्या वजनात सुमारे वीस रोल, आणि वीस रोलांत सातशेवर चित्रे. फेंटनने घोडागाडीतून जितक्या काचा क्रिमियाला नेल्या, तितकी चित्रे एका काचेच्या भारात!

ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतल्यावर दृष्टी कशी बदलते, हे पाहायचे तर होमाई व्यारावाला यांचे उदाहरण घ्यावे. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई 1942 साली दिल्लीला गेल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून त्या कामावर निघत. त्यांच्या सामानातला स्पीड ग्राफिक कॅमेरा काही हलका नव्हे. शिवाय फिल्मच्या चौकटी आणि एकेकदाच पेटणारे फ्लॅशचे बल्ब वेगळेच. पण ते सारे त्यांनी स्वतः वाहिले. फाळणीच्या आणि स्वातंत्र्याच्या दिवसांतली माणसे त्यांच्या चित्रांत जवळून भेटतात. नेहरू, माउंटबॅटन, गर्दीतला कोणी अनोळखी. सायकलवरून येणारी व्यक्ती ज्या अंतरावरून जग पाहते, ते घोडागाडीचे अंतर नव्हे. 1970 साली त्यांनी हे काम थांबवले. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2012 साली त्या गेल्या.

आणि पिशवीत खरे मोलाचे काय असते? कॅमेरा? मुळीच नाही. स्पेनच्या यादवी युद्धात रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि डेव्हिड सेमूर यांनी काढलेल्या सुमारे 4,500 निगेटिव्ह पॅरिसमध्ये होत्या. तारो 1937 साली रणांगणावर जखमी होऊन मरण पावली होती. जर्मन फौजा पॅरिसकडे सरकू लागल्या तेव्हा कापाचा सहकारी चिकी वाइस याने निगेटिव्ह पाठीवरच्या पिशवीत भरल्या आणि तो सायकलने बोर्दोच्या दिशेने निघाला. तेथे त्याने त्या एका चिली देशाच्या माणसाच्या हाती सुरक्षिततेसाठी दिल्या. पुढे त्या मेक्सिकोला पोचल्या, अनेक वर्षे कोणाला ठाऊक नव्हत्या, आणि 2007 साली पुठ्ठ्याच्या तीन पेट्यांतून न्यूयॉर्कला परतल्या. त्या पाठीवरच्या पिशवीत एकही कॅमेरा नसता तरी चालले असते. कॅमेरा पुन्हा विकत मिळतो; तारोने पाहिलेले स्पेन पुन्हा मिळणार नव्हते.

आता दुकानाकडे वळू. आज नामांकित ठरलेल्या पिशव्या मुळात कशा जन्मल्या ते पाहा. इंग्लंडमध्ये 1973 साली सुरू झालेला बिलिंगहॅमचा कारखाना मासे गळाला लावणाऱ्यांसाठी पिशव्या शिवत असे. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर त्याच पिशव्यांत कॅमेरे ठेवतात, असे मालकाच्या ध्यानात आले, आणि कारखान्याची दिशा बदलली. फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राचा फोटोग्राफर जिम डोम्के याने त्याच दशकात ताठ पेट्यांना कंटाळून साध्या जाड कापडाची मऊ पिशवी करवून घेतली, अंगाला चिकटून राहणारी आणि हात पटकन आत जाईल अशी. दोन्ही ठिकाणी पिशवी घडवली ती वाहणाऱ्याच्या गरजेने.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच. पिशवी कापडाची घ्या. आपल्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, आणि ती भिंगापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा. कोरे रोल एका खिशात आणि चित्रे टिपलेले दुसऱ्या खिशात ठेवा, म्हणजे घाईत घोटाळा होणार नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पिशवी सोडू नका. उष्णता फिल्मला मानवत नाही. विमानतळावर रोल वेगळे काढून हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या तपासणी यंत्रांच्या किरणांनी न धुतलेली फिल्म धुरकट होते. एक कॅमेरा, फार तर दोन भिंगे, पाचसहा रोल, आणि कोठे काय टिपले ते लिहायला एक लहानशी वही. याहून अधिक मावेल अशी पिशवी घेऊ नका, कारण जागा असली की माणूस ती भरतोच.

आणि विकत घेण्यापूर्वी भरलेली पिशवी खांद्याला लावून तासभर चाला. एखादा गड चढून पाहिलात तर उत्तमच. चढावर जर मनात आले की ही कोणाच्या तरी हाती द्यावी, तर तिच्यातले एक भिंग घरी ठेवा. खाली पायथ्याला ओझे वाहणारा माणूस आजही मिळेल, आणि आपले फोटो कदाचित अधिक चांगले येतील. पण मग त्या फोटोखाली नाव कोणाचे घालायचे, हा प्रश्न बोर्नने आपल्यासाठी शिल्लक ठेवलेलाच आहे.