तीन उभ्या रेघांची चूक

आकाशात बरोबर आपल्या माथ्यावर येणाऱ्या बिंदूला आपले जुने ज्योतिर्विद खस्वस्तिक म्हणत. इंग्रजीत तो ‘झेनिथ’. हा शब्द ग्रीक असावा, असे मला बरीच वर्षे वाटे. निघाला अरबी, आणि तोही नकलनविसाच्या चुकीतून आलेला!

अरबीत ‘सम्त’ म्हणजे वाट, दिशा. उर्दू शायरीत हा शब्द आजही भेटतो. ‘सम्त अर्-रास’ म्हणजे डोक्यावरची वाट. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबी ज्योतिषग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ क्रेमोनाच्या जेरार्डने तिथेच ११७५च्या सुमारास पुरा केला. अशा भाषांतरांतून अरबी संज्ञा युरोपात शिरल्या. आता त्या काळची हस्तलिखिते डोळ्यांपुढे आणा. रोमन ‘एम’ म्हणजे तीन उभ्या रेघा. ‘एन’च्या दोन, ‘आय’ची एक, मिळून तीनच. ‘आय’वर टिंब देण्याचा नेम नव्हता. कोणीतरी ‘सेम्त’चे ‘सेनित’ वाचले, पुढच्यांनी तेच उतरवले. १३९१ साली कवी चॉसरने दहा वर्षांच्या लुईससाठी अ‍ॅस्ट्रोलेब या वेधयंत्रावर पुस्तक लिहिले. त्यातही हेच चुकलेले रूप आहे.

गंमत अशी, की सम्तचे अनेकवचन ‘अस्-सुमूत’ मात्र धडपणे पोचले. तो ‘अ‍ॅझिमथ’, म्हणजे आपला दिगंश. आणि थेट पायांखालचा बिंदू, ‘नादिर’? मूळ अरबी ‘नझीर अस्-सम्त’, म्हणजे माथ्याच्या बरोबर समोरचा. प्रवासात यातला ‘सम्त’ गळाला. उरला नुसता ‘समोरचा’.